स्क्रिप्टला मॉड्यूल हवंय, पण ते येतंय कुठून? नेट मोजण्याआधी हे वाचा

६ सप्टेंबर २०२५, शनिवार. सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या. त्यात आयएमईडब्ल्यूई आणि एसएमडब्ल्यू-४ या दोन केबलची नावं पुढे आली. या दोन्ही केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात. भारत, पाकिस्तान, यूएई अशा देशांत नेट मंदावल्याच्या बातम्या आल्या. मध्यपूर्वेतून जाणारा ट्रॅफिक उशिरा पोहोचतोय, असं मायक्रोसॉफ्टनेही आपल्या अझ्यूर ग्राहकांना कळवलं.

दोनच दिवसांनी, सोमवारी ८ सप्टेंबरला, दुसरी बातमी आली. जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस जिथून डाउनलोड होतात त्या एनपीएमवर चॉक, डीबग यांसारख्या १८ लोकप्रिय पॅकेजेसमध्ये कुणीतरी चोरीचा कोड घुसवला. या पॅकेजेसचे मिळून आठवड्याला दोन अब्जांहून जास्त डाउनलोड होतात.

मित्रांनो, पहिली बातमी नेटची आणि दुसरी कोडची, त्यामुळे त्या वेगळ्या वाटतात. पण ज्याला आपलं नेट स्वतः मोजायचंय त्याला दोन्ही लागू होतात. नेट मंद झालं की आपण मोजायला जातो. मोजायला स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट चालवली की ती म्हणते, "मॉड्यूल नॉट फाऊंड." मग आपण शोधतो, कुठलीतरी एक ओळ सापडते, ती पेस्ट करतो आणि एंटर दाबतो. आज मला या एंटरबद्दलच बोलायचंय.

नेट मोजायचं तरी कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. स्पीड टेस्टचं ॲप आहे की! ट्रायचं मायस्पीड ॲपही २०१६ पासून आहे. मग स्क्रिप्टची भानगड कशाला?

कारण ॲप फक्त "आत्ता" दाखवतं. तुमचं नेट रोज रात्री नऊ ते अकरा रडत असेल आणि कस्टमर केअरवाले सकाळी अकराला फोन करून "सर, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय" म्हणत असतील, तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. स्क्रिप्ट दर मिनिटाला एक नोंद करते. महिन्याभराने तुमच्या हातात तारीख-वेळेसकट वही तयार असते.

आणि या वहीला आता थोडी किंमत आली आहे. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला त्या दिवसांच्या भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची तरतूद त्यात आहे. घरच्या वायरच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर तिथेही भरपाईची तरतूद आहे. तुमच्या स्क्रिप्टची नोंद हा काही सरकारी पुरावा नाही, हे खरं. पण "नेट स्लो आहे" अशा तक्रारीपेक्षा "या आठवड्यात या पाच दिवशी, या वेळेत, नेट इतकी मिनिटं बंद होतं" ही तक्रार टोलवणं अवघड जातं. डॉकेट नंबर घ्या. कंपनीने तक्रार नीट सोडवली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका.

नेमकं काय मोजायचं?

बहुतेक तयार स्क्रिप्ट ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या पत्त्याला पिंग करतात. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. हे पत्ते लक्षात राहायला सोपे, म्हणून सगळे तेच वापरतात. गंमत अशी की हा एक पत्ता म्हणजे एक मशीन नाही. जगभरात अनेक ठिकाणी त्याच पत्त्याची मशीनं ठेवलेली असतात आणि तुम्हाला साधारण जवळचं उत्तर देतं. त्यामुळे समुद्रातली केबल तुटली तरी ८.८.८.८ चा पिंग मस्त दिसू शकतो आणि तिकडे युरोपातल्या सर्व्हरवरचा तुमचा गेम मात्र अडखळत असतो.

म्हणून तीन ठिकाणं मोजा. पहिलं घरचा राउटर, ज्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो. दुसरं ८.८.८.८. तिसरं तुम्ही खरोखर वापरता असा लांबचा सर्व्हर. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरात, म्हणजे वायफाय किंवा राउटरमध्ये. राउटर ठीक पण ८.८.८.८ बंद, तर बहुतेक वेळा दोष प्रोव्हायडरकडे. दोन्ही ठीक आणि फक्त लांबचा मंद, तर वाटेत कुठेतरी अडचण आहे. अशा वेळी लोकल केबलवाल्याशी भांडून काही होणार नाही. आणि एखादा पिंग हुकला म्हणून लगेच "नेट गेलं" असं लिहू नका. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम कमी महत्त्व देतात. लागोपाठ तीन-चार हुकले तरच नोंद करा.

आता डेटाचा हिशोब. दर पाच मिनिटांनी पूर्ण स्पीड टेस्ट करणारी स्क्रिप्ट लावली तर काय होईल? ५० एमबीपीएसवर दहा सेकंदांची डाउनलोड टेस्ट म्हणजे ५०० मेगाबिट. आठने भागा, ६२.५ एमबी. दिवसात २८८ वेळा. एकूण १८ जीबी, फक्त मोजण्यात! रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर तीन तास व्हायच्या आत खेळ खल्लास. याउलट पिंगचं एक पाकीट साधारण ८४ बाइटचं. दर मिनिटाला एक पाठवलं आणि एक परत आलं, तर अख्ख्या दिवसात एका पत्त्यामागे पाव एमबीसुद्धा होत नाही. म्हणून पिंग रोज चालू ठेवा आणि स्पीड टेस्ट दिवसातून दोन-तीनदाच करा.

"मॉड्यूल नॉट फाऊंड" का येतं?

पायथनची स्क्रिप्ट धरू, कारण अशा कामाला बहुतेक जण तीच वापरतात. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. तो पिप या साधनाने पायपीआय नावाच्या सार्वजनिक कोठारातून येतो. एरर येण्याची नेहमीची कारणं ही:

पहिलं, नाव एक आणि पॅकेज दुसरं. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं "इम्पोर्ट स्पीडटेस्ट", पण इन्स्टॉल करायचं असतं "स्पीडटेस्ट-सीएलआय". "इम्पोर्ट डीएनएस" साठी "डीएनएसपायथन". "इम्पोर्ट एनमॅप" साठी "पायथन-एनमॅप", आणि त्याशिवाय एनमॅप हा मूळ प्रोग्रामही वेगळा टाकावा लागतो. एररमध्ये दिसणारं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नका. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडू शकतो.

दुसरं, एकाच मशीनवर दोन पायथन. पिप एकात टाकतो, स्क्रिप्ट दुसऱ्यात चालते. "अरे, इन्स्टॉल तर केलंय!" ही तक्रार बहुधा इथली. उपाय सोपा आहे. नुसतं पिप न वापरता "पायथन डॅश-एम पिप इन्स्टॉल" असं लिहा. ज्या पायथनने स्क्रिप्ट चालवणार, त्यालाच मॉड्यूल टाकायला सांगा.

तिसरं, तुमच्याच फाइलचं नाव. स्पीड टेस्टची स्क्रिप्ट म्हणून फाइलला "स्पीडटेस्ट डॉट पीवाय" नाव दिलं की पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि म्हणतो की यात हवं ते सापडत नाही. फाइलचं नाव बदला, प्रश्न संपला.

चौथं, "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट". डेबियन १२ किंवा नव्या रास्पबेरी पाय ओएसवर पिप चालवलं की हा निरोप येतो. ही बिघाडाची खूण नाही. सिस्टीमचा पायथन सिस्टीमच्या कामासाठी आहे, त्यात तुमची मॉड्यूल्स मिसळू नका, असं ती सांगतेय. पण नेटवर उत्तर काय मिळतं? "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" हा पर्याय जोडा! त्याचं नावच "सिस्टीम मोडा" असं आहे, तरी लोक बिनधास्त पेस्ट करतात. बरोबर मार्ग म्हणजे व्हेन्व. त्याने तुमच्या प्रोजेक्टची वेगळी खोली तयार होते, मॉड्यूल्स त्या खोलीतच राहतात आणि नको झालं की खोलीच डिलीट करायची.

फोनवर चालवताना

आपल्यापैकी अनेकांकडे लॅपटॉप नाही, फोन हाच कॉम्प्युटर. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून पायथन चालतो. पण तिथे अडचणी वेगळ्या आहेत.

पायपीआयवर लिनक्ससाठी तयार बांधलेली बरीच पॅकेजेस अँड्रॉइडवर बसत नाहीत, कारण अँड्रॉइडची मूळ सी लायब्ररी वेगळी आहे. मग पिप ते पॅकेज फोनवरच बांधायला जातो आणि लांबलचक लाल ओळी टाकून मोडतो. क्रिप्टोग्राफी हे मॉड्यूल याचं नेहमीचं उदाहरण. अशा वेळी पिपशी झटापट करू नका. टर्मक्सच्या स्वतःच्या पीकेजी कोठारात ते अँड्रॉइडसाठी बांधून ठेवलेलं असतं, तिथून घ्या.

दुसरी अडचण "परमिशन डिनाइड". अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला फोनवरच्या इतर ॲपच्या नेट जोडण्यांची माहिती वाचता येत नाही. तेव्हा "कोणतं ॲप नेट खातंय" हे दाखवणारी लॅपटॉपची स्क्रिप्ट फोनवर चालणार नाही. मॉड्यूल कितीही वेळा टाका, फरक पडणार नाही. हे कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे. तिसरी अडचण बॅटरीची. फोन बाजूला ठेवला की सिस्टीम टर्मक्सला झोपवते आणि नोंदीत मोठी फट पडते. अशी फट म्हणजे नेट बंद होतं असं समजू नका. आधी टर्मक्सचा वेक लॉक चालू करा आणि बॅटरीच्या बंधनातून त्याला सूट द्या.

"सुडो लाव, चालेल"

पिंग स्वतःच्या कोडमधून पाठवायचा तर बऱ्याच सिस्टीमवर रूटचा अधिकार लागतो. स्कॅपीसारखी मॉड्यूल्स त्याशिवाय अडतात. एरर येते "ऑपरेशन नॉट परमिटेड", आणि मित्र सांगतो, "सुडो लाव, चालेल." चालतं खरं. पण त्याच क्षणी त्या स्क्रिप्टला, तिच्या प्रत्येक मॉड्यूलला आणि त्या मॉड्यूलने आपल्यासोबत आणलेल्या प्रत्येक मॉड्यूलला तुम्ही घराची मास्टर किल्ली दिलेली असते. फोन रूट करायचा सल्ला तर त्याहून वाईट.

खरं तर गरजच नसते. सिस्टीममध्ये पिंग कमांड आधीच असते, टर्मक्समध्येही चालते. स्क्रिप्टने तीच कमांड चालवून तिचं उत्तर वाचायचं. पिंग बंद असेल तिथे वेबसाइटच्या ४४३ पोर्टशी जोडणी व्हायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. दोन्हीला रूट लागत नाही.

मॉड्यूल येतं कुठून?

आता पुन्हा ८ सप्टेंबरकडे येऊ. एनपीएमवरचा तो हल्ला कसा झाला? पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका डेव्हलपरला ईमेल आला: तुमचं टू-फॅक्टर अपडेट करा, नाहीतर १० सप्टेंबरपासून खातं लॉक होईल. ईमेल खोटा होता. आपल्याला "आज रात्री वीज कापली जाईल" असा मेसेज येतो ना, त्याच जातीचा. खातं हातात आल्यावर हल्लेखोराने नव्या आवृत्त्या टाकल्या. त्यातला कोड क्रिप्टोच्या व्यवहारात पैसे घेणाऱ्याचा पत्ता गुपचूप बदलत होता. त्याच महिन्यात शाई-हुलुद नावाचा कोड एनपीएमवर पसरला. तो एका डेव्हलपरच्या किल्ल्या चोरून त्याच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये आपोआप शिरायचा.

पायथनच्या दुनियेतही हेच. २८ मार्च २०२४ ला नकली पॅकेजेसचा इतका मारा झाला की पायपीआयला नवीन खाती आणि नवीन प्रोजेक्ट काही तास बंद ठेवावे लागले. २०१८ मध्ये "कलरामा" या पॅकेजची ब्रिटिश स्पेलिंगची नक्कल सापडली होती. फरक एका अक्षराचा, पण ती क्लिपबोर्डवर कॉपी केलेला बिटकॉइनचा पत्ता बदलायची.

आणि त्या २८ मार्चच्या दुसऱ्याच दिवशी एक्सझेडची बातमी आली. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड आपल्या मशीनचा वेग मोजत होते. एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. शोधत गेले तर एक्सझेड या लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा निघाला. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ इमाने-इतबारे काम करून विश्वास कमावला होता आणि मग तो कोड घातला होता. जगभरच्या सर्व्हरवर पसरण्याआधी हे सापडलं, कारण एका माणसाने अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही. मोजण्याची सवय किती कामाची आहे, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एआयने सांगितलेलं मॉड्यूल

आता बरेच जण एरर थेट चॅटबॉटला देतात. उत्तर छान मिळतं, पण कधी कधी त्यातलं पॅकेज अस्तित्वातच नसतं. एका अभ्यासात संशोधकांनी एआयकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले. त्यात सुचवलेल्या पॅकेजेसपैकी जवळपास २० टक्के काल्पनिक निघाली. नावं ऐकायला अगदी खरी वाटतात आणि पुन्हा पुन्हा तीच येतात. मग हल्लेखोराने काय करायचं? ते नाव आधीच नोंदवून ठेवायचं आणि वाट बघायची. एका सुरक्षा संशोधकाने प्रयोग म्हणून असं एक रिकामं पॅकेज टाकलं, तर तीन महिन्यांत ते ३० हजारांहून जास्त वेळा डाउनलोड झालं. त्यात काही वाईट नव्हतं म्हणून निभावलं.

म्हणूनच वर म्हटलं, एररमधलं किंवा चॅटबॉटमधलं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नका. काही पॅकेजेसमधला कोड इन्स्टॉल करतानाच चालतो. "आधी टाकून बघू, नको वाटलं तर काढू" हे इथे लागू होत नाही. लॅपटॉपवर ब्राउझरचे सेव्ह केलेले पासवर्ड असतात. फोनवर टर्मक्सला स्टोरेजची परवानगी दिली असेल तर फोटो, आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, सगळं उघडं.

मग करायचं काय?

१. आधी विचारा, मॉड्यूल हवंच का? तीन पत्त्यांना पिंग करून वेळेसकट सीएसव्ही फाइलमध्ये लिहिण्यासाठी पायथनसोबत मिळणारी सबप्रोसेस, सॉकेट, टाइम आणि सीएसव्ही ही मॉड्यूल्स पुरतात. पिपची गरजच नाही.

२. हवंच असेल तर नाव त्या प्रोजेक्टच्या अधिकृत माहितीपानावरून घ्या. पायपीआयवर जाऊन ते किती वर्षांपासून आहे, आवृत्त्या किती, मूळ कोडची लिंक आहे का, हे बघा. परवा जन्मलेलं पॅकेज टाकू नका.

३. व्हेन्वमध्ये टाका. सुडो नको, रूट नको.

४. चालणारी आवृत्ती लिहून ठेवा आणि तीच वापरा. नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी उडी मारू नका. एनपीएमवरच्या त्या खराब आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या. चार दिवस थांबलेल्याला काहीच झालं नाही. स्वतः त्या पॅकेजने सुरक्षेची दुरुस्ती जाहीर केली असेल तर मात्र थांबू नका.

५. टर्मक्सला गरज नसताना स्टोरेज, एसएमएसची परवानगी देऊ नका.

६. फक्त स्वतःची जोडणी मोजा. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या नेटवर्कवर स्कॅनर चालवणं कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं.

माझं मत सरळ आहे. ट्रायने भरपाईचे नियम केले ते चांगलं, पण जिल्हाभर सेवा बंद पडल्याचा आकडा शेवटी कंपनीकडूनच येतो. ग्राहकाकडे स्वतःचा आकडा असायलाच हवा, आणि तो मिळवायला कोडिंगची डिग्री लागू नये. दुसरीकडे, कोडिंग शिकवणारे व्हिडिओ आणि क्लास अजूनही "ही ओळ पेस्ट करा" यावर थांबतात. पिप इन्स्टॉल म्हणजे अनोळखी माणसाला घरात घेणं आहे, हे पहिल्याच धड्यात सांगायला हवं. आपल्या आजीने दार उघडण्याआधी "कोण आहे?" विचारायला शिकवलंच होतं, तेच इथे करायचंय.

आज रात्री नऊ वाजता नेट अडखळलं तर आधी राउटरला पिंग करून बघा आणि वेळ लिहून ठेवा. त्याला एकही मॉड्यूल लागत नाही.